पिओनी की आयरिस: मिनेसोटाच्या थंडीत उन्हाचा एकच वाफा असेल तर

अमेरिकेतल्या मिनेसोटात नव्याने घर घेतलेली आपली मंडळी उन्हाळ्याच्या तोंडावर हमखास विचारतात, की दिवसभर ऊन येणारा एकच वाफा आहे, तर त्यात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलझाडांपैकी पिओनी लावावी की बिअर्डेड आयरिस. प्रश्न रास्त आहे, कारण इथला उणे ३० अंशांचा हिवाळा दोन्ही जमिनीखाली निभावून नेतात आणि दोन्हींचा बहरही जूनच्या आसपासच येतो. मिनीआपोलिसच्या उपनगरात मी दोन्ही शेजारी शेजारी नऊ वर्षे सांभाळल्या आहेत.

पहिली दोन वर्षे पाहिली, तर आयरिसच सरस वाटेल. आल्याच्या कुडीसारखा दिसणारा तिचा कंद ऑगस्टात, पाठ उघडी राहील इतका वरवर लावला, की बहुधा पुढच्याच वर्षी फूल दिसते आणि काळपट जांभळ्यापासून केशरीपर्यंत रंगही तिच्याकडे पुष्कळ आहेत. पिओनी मात्र धीर पाहते. मनासारखा बहर तिसऱ्या वर्षी येतो, तोही जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो आणि ‘सारा बर्नहार्ट’सारख्या भरगच्च जातीची फुले एका पावसात भिजून जमिनीला टेकतात.

तरीही माझे मन पिओनीकडे झुकले, ते आयरिसचा कंद पोखरणाऱ्या अळीमुळे. तिची पतंगमादी शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालते, ती अंडी बर्फाखाली हिवाळा काढतात, वसंतात अळी बाहेर पडून पानात शिरते आणि आतल्या आत उतरत भर उन्हाळ्यात कंद गाठते. कडक थंडीने पतंग संपले, की सगळी पाने कापून बागेबाहेर टाकावीत, हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. परंतु ती थंडी आणि टिकणारा बर्फ यांच्यामध्ये इथे कधी तीन आठवडे मिळतात, तर कधी तीनच दिवस. एका वर्षी ऑक्टोबरअखेरीसच बर्फ पडला आणि पाने तशीच राहिली. पुढच्या जुलैत एक पिवळे पान सहज ओढले, तर पानांचा सबंध पंखाच हातात आला. खाली कंदाचा लगदा झाला होता, त्याला सडक्या बटाट्यासारखा दर्प येत होता आणि आत तपकिरी डोक्याची, गुलाबीसर, करंगळीच्या दोन पेरांएवढी अळी होती. अकरापैकी सात कंद फेकून द्यावे लागले, याची हळहळ मला अजून वाटते.

पिओनीलाही ओल्या वसंतात बुरशी धरते आणि तिचेही दांडे शरद ऋतूत जमिनीलगत कापावे लागतात; पण तेवढे एखाद्या वर्षी राहून गेले, तरी काही कळ्या काळ्या पडण्यापलीकडे माझे नुकसान झालेले नाही. शिवाय आयरिस दर तीन-चार वर्षांनी उपटून विभागावी लागते, तर पिओनी एका जागी अनेक दशके फुलते. कळी धरायला तिला कडक हिवाळा लागतोच, त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे जी हौस भागत नाही, ती इथे भागते, हे सुख मला मोठे वाटते.

दोन-तीन वर्षांत घर बदलण्याचा विचार असेल, तर आयरिसच योग्य ठरेल, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. घर कायमचे असेल, तर सप्टेंबरात पिओनी लावावी. उसाच्या कांडीवर असतात तसे तिच्या गड्ड्यावरचे लालसर डोळे मातीखाली ५ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नयेत. माझे एक रोप खोल बसले आणि चार वर्षे त्याने नुसती पानेच दिली. पावसाची फार धास्ती वाटत असेल, तर १९६४ साली आलेली ‘कोरल चार्म’ पाहावी, तिचे दांडे बळकट असतात. भरगच्च जातींना आधाराचे कडे मेमध्ये, कोंब वीतभर असतानाच बसवावे, कारण पाने पसरल्यावर ते घालताना दांडे मोडतात.