ट्रेडिंग फर्म की प्रॉडक्ट कंपनी: दोन्ही ऑफर हातात असतील तर

पगाराचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि सकाळच्या सव्वानऊचा, म्हणजे शेअर बाजार उघडतो त्या वेळेचा, विचार करा. मी हिंजवडीला एका प्रॉडक्ट कंपनीत चार वर्षं काढली, मग मुंबईत बीकेसीतल्या ट्रेडिंग फर्ममध्ये, म्हणजे बाजारात सॉफ्टवेअरने खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीत, आलो. तिकडे लिहिलेला कोड टेस्टिंग, रिव्ह्यू होऊन ग्राहकापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे जायचे. इथे काल संध्याकाळी केलेला बदल आज ९:१५ ला खऱ्या पैशांवर चालतो आणि ३:३० ला त्याचा नफा-तोटा समोर असतो.

एकदा कॉन्ट्रॅक्टची लॉट साइज (एका लॉटमध्ये किती नग, तो एक्स्चेंजने ठरवलेला आकडा) बदलली होती आणि माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये जुनीच राहिली. बाजार उघडताच एकामागून एक ऑर्डर रिजेक्ट. ट्रेडर खुर्चीमागे येऊन एवढंच म्हणाला, "आधी बंद कर, मग शोध." एक्स्चेंजने ऑर्डर परत पाठवल्या म्हणून निभावलं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या ट्रेडिंग फर्मचं निभावलं नाही. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, चुकीच्या ऑर्डर सुटत राहिल्या आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले.

शिकण्याच्या बाबतीत दोन्हीकडे खूप आहे, पण वेगवेगळं. इथे सी++, कॅशे, नेटवर्क कार्ड, मायक्रोसेकंद कुठे वाया जातोय याचा शोध. तिकडे लाखो लोक एकदम वापरतील अशी सिस्टीम उभी करणं. मात्र इथलं काम बाहेर कुणाला दाखवता येत नाही आणि सोडताना काही महिने दुसरीकडे रुजू न होण्याची अट असू शकते. करार नीट वाचा.

बाजार बंद झाल्यावर संध्याकाळ बरीचशी आपली असते. प्रॉडक्ट कंपनीत रात्री दोनला ऑन-कॉलचा फोन यायचा, तो इथे येत नाही. पण काही शनिवारी मॉक ट्रेडिंग (खऱ्या पैशांशिवाय सिस्टीमची चाचणी) असतं, आणि दिवाळीत मुहूर्ताच्या ट्रेडिंगला घरी सगळे जमलेले असताना मी डेस्कवर असतो. ते अजूनही जड जातं.

पैसे इथे जास्त मिळू शकतात, पण मोठा वाटा बोनसचा. गृहकर्जाचा हप्ता ठरवताना फक्त ठरलेला पगार धरा.

नुकतंच कॉलेज संपलं असेल तर मी आधी प्रॉडक्ट कंपनी सुचवेन. तिथे चूक सावरायला वेळ मिळतो. तरीही फर्मकडेच ओढा असेल, तर मुलाखतीत विचारा: चुकीच्या ऑर्डर सुटल्या तर थांबवतं कोण, आणि किती वेळात? समोरचा अडखळला, तर ती ऑफर मी घेणार नाही.