दोघांच्या नावावरचा फ्लॅट: एकाने ठेवावा, विकावा की दावा लावावा?

लग्न केलेलं नाही, पण पाथर्डी फाट्याजवळचा टू बीएचके दोघांच्या नावावर आहे आणि आता एकत्र राहणं शक्य नाही. अशा वेळी घटस्फोटाचा कायदा उपयोगी पडत नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही एका मिळकतीचे दोन सहमालक, एवढंच.

काहीही ठरवण्याआधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा काढा. नाव एकाचंच आणि हप्ते दुसऱ्याने भरलेले असतील, तर मामला अवघड आहे. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर मिळकत घ्यायला बंदी घालणाऱ्या बेनामी कायद्यात नवरा-बायकोला असलेली सवलत तुम्हाला नाही, त्यामुळे ‘पैसे माझे म्हणून घर माझं’ हे बहुधा टिकत नाही. लग्नासारख्या नात्यात छळ होत असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने बाईला त्या घरात राहण्याचं संरक्षण मिळू शकतं, मालकी मात्र नाही.

नावं दोघांची असतील तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 पाहा. ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसला तर निम्मा-निम्मा. मैत्रिणीसोबत बसून मी तिची बँक स्टेटमेंट्स तपासली. तिच्या हप्त्यांवर पिवळा हायलायटर, तिच्या जोडीदाराच्या हप्त्यांवर हिरवा. किचनच्या ट्रॉल्यांचे पैसे तिने रोख दिले होते, त्यांना रंगच नव्हता. ते बघून फार वाईट वाटलं.

एकाला तिथेच राहायचं असेल तर दुसऱ्याने हक्कसोडपत्र करून द्यायचं, तेही नोंदणीकृतच. वडिलोपार्जित मिळकतीत भावंडांना लागतं तसं नाममात्र मुद्रांक शुल्क इथे नाही. त्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखं भरावं लागतं. शिवाय ‘राहू दे, तुला फुकट दिला’ असं म्हटलं, तर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागू शकतो, कारण लग्न न केलेला जोडीदार प्राप्तिकराच्या व्याख्येत नातेवाईक नाही.

विकून टाकणं त्या मानाने सुटसुटीत. गिऱ्हाइकाच्या पैशातून कर्ज फिटतं, उरलेले वाटून घ्यायचे. फक्त सह्या दोघांच्या लागतात, आणि एक जण अडून बसला की सगळं ठप्प.

मग उरतो वाटपाचा दावा. हा फॅमिली कोर्टात नाही, दिवाणी कोर्टात. फ्लॅटच्या मधोमध भिंत घालता येत नाही, म्हणून 1893 च्या वाटप कायद्याखाली कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. म्हणजे बरीच वर्षं आणि वकिलाची फी घालवून पुन्हा विक्रीवरच यायचं, आणि तोवर हप्ते चालूच.

माझं मत सांगते. राहणाऱ्याला बँक एकट्याच्या नावावर कर्ज द्यायला तयार असेल तरच हक्कसोड करा, नाहीतर विका. दावा फक्त समोरचा सहीच करत नसेल किंवा तुम्ही भरलेले पैसे नाकारत असेल तेव्हा. आपसातला करार बँकेला बांधत नाही. हिस्सा सोडूनही कर्जात नाव राहिलं, तर थकलेल्या हप्त्यासाठी फोन तुम्हालाच येणार. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी कर्जातून नाव कमी करत असल्याचं बँकेचं लेखी पत्र हातात घ्या.