लेकीच्या नावाने पैसे टाकायचे तर कुठे? सुकन्या, पीपीएफ आणि लेक लाडकी शेजारी-शेजारी ठेवून

खानदेशात घरात आंडेर, म्हणजे लेक, जन्मली की बारशाच्या आधीच कुणीतरी विचारतं, "तिच्या नावाने काही टाकलं का?" मग सल्ल्यांची रीघ लागते. शेजारचे मास्तर पोस्टातली सुकन्या सुचवतात, अंगणवाडीताई लेक लाडकीचा अर्ज भरून घ्या म्हणतात, ओळखीचा एजंट पॉलिसीचा कागद पुढे करतो, आणि "सोनं घ्या, सोन्यासारखं काही नाही" म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते. तेवढ्यावर निर्णय होत नाही, कारण या प्रत्येक ठिकाणी टाकलेला पैसा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या अटींवर हातात येतो.

लेकीसाठी मोठी रक्कम साधारण दोनदा लागते. एकदा अठराव्या वर्षी, बारावी करून ती जळगाव, नाशिक किंवा पुण्याला शिकायला निघते तेव्हा. दुसऱ्यांदा एकविशीनंतर: पुढचं शिक्षण, स्वतःचा काही व्यवसाय, लग्न, जे तिचं ठरेल ते. माझं मत आधीच सांगून टाकते. दुसऱ्या वेळेसाठी सुकन्येच्या तोडीची सरकारी योजना आज नाही. पहिल्या वेळेसाठी मात्र एकट्या सुकन्येवर विसंबू नका.

लेक लाडकी: बसत असाल तर आधी हीच

ही राज्य सरकारची योजना आहे आणि तिच्यात तुम्हाला पैसे भरायचे नाहीत, मिळणार आहेत. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी, घरी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, अशी अट आहे. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. शेवटच्या टप्प्याच्या वेळी मुलगी अविवाहित असावी लागते. कुटुंब नियोजनाची अटही आहे, ती अर्ज भरतानाच नीट समजून घ्या. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जन्मदाखला या दोन कागदांवर बहुतेक अर्ज अडतात, म्हणून ते आधी काढून ठेवा.

एक लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यातले पाऊण लाख अठरा वर्षांनी येणार आहेत. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तेव्हाच्या ७५ हजारांची किंमत आजच्या २६ हजारांच्या आसपास भरते. योजनेला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. मजुरी करून पोट भरणाऱ्या घराला हा आधार खराच आहे. फक्त "लेकीची सोय झाली" म्हणून निश्चिंत होऊ नका.

उलट, हे हप्ते आले की किराणा आणि उधारीत न घालवता सुकन्या खात्यात टाकता आले तर त्यांचं काय होतं बघा. जन्माच्या वेळचे ५ हजार आजच्या ८.२ टक्के दराने एकविसाव्या वर्षी साधारण २६ हजार होतात. पहिलीतले ६ हजार साडेएकोणीस हजारांपर्यंत आणि सहावीतले ७ हजार सव्वापंधरा हजारांच्या वर जातात. १८ हजारांचे ६१ हजार. अकरावीतले ८ हजार मात्र तिथे भरता येत नाहीत, कारण जन्मतःच उघडलेल्या सुकन्या खात्याची भरण्याची मुदत तोवर संपलेली असते. मधल्या वर्षांत खातं चालू ठेवायला वर्षाला २५० रुपये पुरतात.

सुकन्या आणि पीपीएफ: खरी तुलना इथे आहे

सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडावं लागतं, एका घरात दोन मुलींपर्यंत. जुळ्या-तिळ्यांसाठी सवलत आहे. वर्षाला कमीत कमी २५०, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी पूर्ण होतं. पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. त्याला वयाची अट नाही, मुलगा-मुलगी भेद नाही. कमीत कमी ५००, मुदत पंधरा वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दोन्हींचं व्याज करमुक्त आहे. भरलेल्या रकमेवर प्राप्तिकरातली दीड लाखापर्यंतची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

२०२५ मधले दर बघितले तर सुकन्येला ८.२ टक्के आणि पीपीएफला ७.१ टक्के. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं आणि नवा दर खात्यातल्या सगळ्या रकमेला लागतो. सुरुवातीला सुकन्येचा दर ९.१ होता, मधली तीन वर्षं तो ७.६ वर होता. त्यामुळे खालचे आकडे आजचा दर कायम राहील असं धरून काढलेत. अंदाज म्हणून वापरा, वचन म्हणून धरू नका.

महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार, असं समजू. मुलगी जन्मल्याबरोबर सुरुवात केली आणि दर एप्रिलच्या सुरुवातीला भरत गेलात, तर पंधरा वर्षांत तुमच्या खिशातून १ लाख ८० हजार जातात. सुकन्येत एकविसाव्या वर्षी ५ लाख ७४ हजारांच्या आसपास होतात. तेच पीपीएफमध्ये भरले आणि तेवढीच वर्षं राहू दिले तर साधारण ४ लाख ९१ हजार. सुकन्या ८० हजारांहून जास्त पुढे आहे.

आता तीच मुलगी अठरा वर्षांची आहे असं समजा. सुकन्या खात्यात साडेचार लाख दिसतील, पण उचलता येतील त्यातले निम्मेच, सुमारे सव्वादोन लाख. तेही शिक्षणासाठी, प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती दाखवून, आणि फी व प्रवेशाच्या वेळचं शुल्क जेवढं तेवढंच. पीपीएफ आईच्या नावाने काढलं असेल तर ते लेक दहावी-अकरावीत असतानाच पिकतं. अठराव्या वर्षी त्यात चार लाखांच्या जवळ असतात आणि सगळे तुमचे, कुठलीही पावती न दाखवता.

ही पावतीची अट महाराष्ट्रात आज जास्त महत्त्वाची झाली आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. खाजगी विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागा यातून वगळल्या आहेत. म्हणजे रावेरची मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगला गेली तर कॉलेजची फी कदाचित लागणारच नाही. लागेल ते खोलीभाडं, मेस, लॅपटॉप, येण्या-जाण्याचा खर्च. खोलीमालकाच्या चिठ्ठीवर किंवा मेसच्या हिशेबावर सुकन्येचे पैसे निघत नाहीत. म्हणूनच म्हणते, अठराव्या वर्षाची सोय पीपीएफमध्ये करा, एकविशीची सुकन्येत.

खातं उशिरा उघडलं तर हे अंतर आणखी वाढतं. मुलगी नऊ वर्षांची असताना सुकन्या काढली तर ती तिच्या तिसाव्या वर्षी पूर्ण होते. वर्षाला तेच १२ हजार भरूनही अठराव्या वर्षी हातात येण्याजोगे जेमतेम ८० हजार असतील. अठरानंतर लग्नासाठी खातं बंद करता येतं हे खरं, पण फक्त लग्नाच्या एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत. सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी मी तरी आधी पीपीएफ बघेन आणि सुकन्येत थोडी रक्कम ठेवेन.

अडीअडचणीचं काय? सुकन्येवर कर्ज मिळत नाही. पीपीएफवर तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज मिळतं आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. ज्या घरात पाऊस चुकला की वर्षाचं गणित कोसळतं, तिथे हा फरक मोठा आहे. पण सुकन्या काढायला याच कारणाने घाबरू नका. एखाद्या वर्षी हप्ता चुकला तर खातं बुडत नाही, व्याज चालूच राहतं. नंतर त्या वर्षाचे २५० आणि ५० रुपये दंड भरून ते पुन्हा नियमित होतं.

कापसाचे पैसे आणि पाच तारीख

नोकरदार दर महिन्याला भरू शकतो. आपल्याकडे कपाशीवाल्याच्या हातात पैसा येतो तो वेचणी होऊन माल जिनिंगला गेला की, दिवाळीनंतर. केळीवाल्याचं चक्र वेगळं. या योजनांना दोन्ही चालतं, कारण वर्षात कधीही, कितीही वेळा भरता येतं. फक्त व्याज कसं मोजतात ते माहीत हवं. महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. सहा तारखेला भरलेले पैसे तो महिना फुकट बसतात.

वर बघितलेले १२ हजार दर वर्षी ५ एप्रिलच्या आत गेले तर शेवटी ५ लाख ७४ हजार. कापसाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, मिळाल्यावर ५ डिसेंबरच्या आत गेले तर सुमारे ५ लाख ४५ हजार. आणि "आर्थिक वर्ष संपायच्या आत भरू" म्हणत ३१ मार्चला भरत राहिलात तर ५ लाख ३१ हजार. एप्रिलला शेतकऱ्याकडे पैसा नसतो, बी-बियाण्याची तयारी तोंडावर असते, त्यामुळे पहिला आकडा त्याच्यासाठी नाहीच. पण डिसेंबर आणि मार्च यांतले साडेचौदा हजार तर नक्की वाचवता येतात.

बाकीचे पर्याय

राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र पाच वर्षांचं, ७.७ टक्के. घेताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत, आजचे १० हजार पाच वर्षांनी १४ हजार ४९० होतात. व्याज मात्र करपात्र आहे. मुलगी आठवीत असेल आणि वरच्या कुठल्याच योजनेला उशीर झाला असेल तर हे किंवा पोस्टाची आरडी (आवर्ती ठेव) बरी. आरडीत हजार रुपये महिना पाच वर्षं भरले की ६.७ टक्क्यांनी ७१ हजारांच्या आसपास मिळतात. महिला सन्मान बचतपत्र ३१ मार्च २०२५ नंतर बंद झालं. एनपीएस वात्सल्य सप्टेंबर २०२४ पासून आहे, पण ते बाजाराशी जोडलेलं आणि मुळात निवृत्तीसाठीचं खातं. लेकीच्या शिक्षणासाठी मी ते धरणार नाही.

सोन्याचं म्हणाल, तर गेल्या काही वर्षांत सोन्याने चांगलंच दिलं आहे. आत्या चुकीची नाही. पण दागिन्यात घडणावळ आणि जीएसटी आधीच जातो, आणि वाईट वर्षी घरातली पहिली वस्तू गहाण पडते ती सोन्याचीच. लेकीसाठी घेतलेलं लेकीपर्यंत पोचेलच याची खात्री राहत नाही.

पतसंस्थेचा जास्त व्याजदर बघून मोह होतो. ठेवी अडकल्यावर काय होतं, हे जळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. लेकीचे पैसे तिथे ठेवू नका, हे मी कळवळून सांगते.

आणि पॉलिसी. नावात "कन्या" आहे म्हणून ती सरकारी बचत योजना होत नाही. एजंटला एवढंच विचारा की एकूण किती भरणार आणि शेवटी खात्रीचे किती मिळणार, आणि तो आकडा वरच्या आकड्यांशेजारी ठेवा. आईबाप गेले तर लेकीचं काय, ही भीती खरी आहे, आणि सुकन्येत विमा नाही हेही खरं. त्यासाठी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि दोन लाखांचं जीवनविमा संरक्षण मिळतं. अठरा ते पन्नास वयात घेता येतो. आई आणि बाप, दोघांचाही काढा.

मग करायचं काय

मजुरीवरचं घर, पात्र रेशनकार्ड: लेक लाडकीचा अर्ज, पोस्टात २५० रुपयांत सुकन्या आणि हप्ते आले की त्यात. शेतकरी घर, वर्षाला १२ हजार बाजूला पडतात: सहा सुकन्येत, सहा आईच्या पीपीएफमध्ये. त्यातून अठराव्या वर्षी सुमारे दोन लाख मोकळे हातात येतात आणि एकविसाव्या वर्षी सुकन्येचे पावणेतीन लाखांहून जास्त. दोघेही नोकरीत असतील तर सुकन्येत जास्त टाका, कारण अठराव्या वर्षाचा खर्च तुम्ही पगारातून काही प्रमाणात उचलू शकता.

सुकन्या खातं पोस्टात किंवा ठरावीक बँकांत उघडतं. मुलीचा जन्मदाखला आणि पालकाचं आधार, पॅन लागतं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी जन्मलेल्या ज्या मुलींचा दाखलाच नसेल, त्यांनी आधी ग्रामपंचायतीत नोंद करून घ्यावी. आजी-आजोबांनी हौसेने खातं काढायचं म्हटलं तरी ते आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्याच नावाने काढा. आजी-आजोबांनी आधी उघडलेलं असेल तर पोस्टात जाऊन पालक बदलून घ्या. आणि अठरा पूर्ण झाले की खातं मुलगीच स्वतः चालवणार आहे, तेव्हा सातवी-आठवीपासूनच पासबुक भरायला जाताना तिला बरोबर न्या.