आधी पकड, मग ताकद: मस्टँग जीटीच्या मागच्या चाकांवर केलेलं काम आणि त्यानंतरचे काही महिने

गाडी फोर्ड मस्टँग जीटी. २०१६ पासून आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेलेली, पाच लिटर व्ही-८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. कागदावर ४०१ पीएस आणि ५१५ न्यूटन मीटर. गेल्या दिवाळीच्या सुमारास मागच्या बाजूचं काम करून घेतलं, त्यानंतर उन्हाळा आणि अख्खा पावसाळा साताऱ्यात गाडी वापरली. इंजिनाला हात लावलेला नाही. ट्यूनिंग नाही, एक्झॉस्ट नाही, एअर फिल्टरसुद्धा मूळचाच. तरीही पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची वेळ जवळजवळ अर्ध्या सेकंदाने खाली आली. नवीन लोक मात्र पहिला खर्च ताकदीवर करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ड्रॅगच्या, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत धावायच्या शर्यतीच्या, वेळेच्या चिठ्ठीवर दोन आकडे आधी बघायचे. एक, पहिल्या ६० फुटांची वेळ. दोन, शेवटच्या टोकाचा वेग, म्हणजे ट्रॅप स्पीड. ट्रॅप स्पीड इंजिनाची ताकद सांगतो, ६० फूट पकड सांगतात. माझा ट्रॅप स्पीड पहिल्यापासून ताशी १७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि कामानंतरही तेवढाच आहे. ६० फूट मात्र २.४ सेकंदांवरून २.१ वर आले. सुरुवातीला वाचवलेला सेकंदाचा दहावा हिस्सा शेवटी साधारण दीड ते दोन हिस्से होऊन मिळतो, हा ड्रॅगमधला जुना हिशेब माझ्या चिठ्ठ्यांवरही तसाच उतरला. माण-खटावच्या बैलगाडा शर्यती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही: बैल कितीही दमाचे असले तरी सुटताना खुरांनी जमीन धरली नाही तर दम वापरायला जागाच उरत नाही.

गाडीत हे का होतं? पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.१७ आहे. ५१५ न्यूटन मीटर तिथेच दोन हजारांच्या वर जातात, आणि पुढे डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) त्याला आणखी तिपटीहून जास्त वाढवतं. एवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलायला मागची दोनच चाकं, आणि उभ्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. सुटताना वजन मागे सरकतं, पण किती? व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.७२ मीटर आणि गुरुत्वमध्य अंदाजे अर्धा मीटर उंच धरला, तर ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) वेगवाढीला एकूण वजनाच्या ११ टक्के. म्हणजे मागे ५८ टक्क्यांच्या आसपास. या वजनात टायर जेवढं धरेल तेवढंच पुढे जाणार, उरलेल्या ताकदीचा धूर होणार.

दुसरी गोष्ट व्हील हॉप, म्हणजे सुटताना मागच्या चाकांचं उड्या मारणं. मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आहे आणि त्याची अख्खी क्रेडल, म्हणजे ते धरणारी चौकट, बॉडीला मोठ्या रबरी बुशांवर टांगलेली आहे. रोजच्या रस्त्यावर आराम मिळावा म्हणून हे रबर मऊ ठेवलेलं असतं आणि ते रास्तच आहे. पण पूर्ण थ्रॉटल दिला की रबर पीळ खातं, टायर सुटतो, पीळ उलगडतो, टायर परत धरतो, आणि हे एका सेकंदात अनेकदा. मागून धडधड ऐकू येते ती हीच. वेळ तर जातेच, पण प्रत्येक दणका हाफ शाफ्टला (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतच्या दांड्याला) आणि डिफरन्शिअलला बसतो. शाफ्ट तुटतात ते बहुतेक वेळा अशाच दणक्यांनी, निव्वळ ताकदीने कमी.

आमचे मिस्त्री गाडी लिफ्टवर घेतल्यावर एवढंच म्हणाले, "दादा, इंजिनाचं नंतर बघू, आधी हे रबर हलायचं थांबवू." त्यासाठी बीएमआर कंपनीचा क्रेडल लॉकआउट (क्रेडलची हालचाल रोखणारा) संच मागवला. अॅल्युमिनियमचे जाड तुकडे असतात, ते मूळ बुशांच्या पोकळ्या भरून काढतात. बुश काढावे लागत नाहीत, क्रेडल थोडी खाली घेतली की बसतात. सोबत डिफरन्शिअलच्या बुशांसाठी असेच भरीचे तुकडे, म्हणजे इन्सर्ट, घातले. काम अवघड नाही, पण टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हवाच, आणि काही शे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायला हवेत. क्रेडल हलवली की मागचं अलाइनमेंट करून घ्यायचंच. तेव्हाच आम्ही मागचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) थोडा कमी केला, त्यामुळे सरळ सुटताना टायरची जास्त रुंदी जमिनीवर बसते. वळणावर त्याची थोडी किंमत मोजावी लागते. यवतेश्वरचा घाट चढताना ती मला जाणवते, पण मान्य आहे.

या सगळ्या कामात माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच. धडधड पूर्ण थांबली. चाक अजूनही फिरतं, पण आता सलग फिरतं, आणि सलग फिरणारं चाक पायाने सांभाळता येतं.

टायर म्हणाल तर खरं उत्तर ड्रॅग रेडियल, म्हणजे ड्रॅगसाठीच बनवलेले मऊ रबराचे टायर. मिकी थॉम्पसन किंवा निट्टोचे टायर अमेरिकेत लोक सहज घेतात. आपल्याकडे जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे एका जोडीसाठी तो खटाटोप करणं मला पटलं नाही. मी मूळ मापातच मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस घेतले. त्यांचं ट्रेडवेअर (झिजेचा आकडा, कमी तितकं रबर मऊ) ३००. ड्रॅग रेडियलच्या काही टायरवर हा आकडा शून्य असतो, यावरून रबरातला फरक कळावा. त्या जातीची पकड ४एस देणार नाहीत. पण जुने टायर बाजूवर टणक झाले होते, त्यांच्यापुढे हे कितीतरी सरस. पावसात तर या टायरनी मन जिंकलं. श्रावणातल्या सरीत हायवेवर गाडी एकदाही तरंगली नाही.

हवेवर फार लक्ष द्या. रस्त्यावर मी ३२ पीएसआय ठेवतो. धावपट्टीवर मागच्या चाकांत २७ पर्यंत उतरवतो, पुढच्या चाकांत ३२ च ठेवतो. त्याखाली गेलो की साध्या टायरची बाजू डुलते आणि मधला पट्टा उचलला जातो, वेळ उलट वाढते. ड्रॅग रेडियलवाले १६ ते २० वर चालवतात, तो आकडा आपल्या टायरला लावू नका. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवा सुमारे १ पीएसआयने वाढते, म्हणून उन्हात उभ्या गाडीची हवा प्रत्येक रनआधी मोजायची. आणि घरी निघण्यापूर्वी हवा भरायची म्हणजे भरायचीच. २७ वर खड्डा लागला तर रिम जाईल. डिकीत छोटा कॉम्प्रेसर कायम असतो.

बर्नआउटबद्दल, म्हणजे सुटण्याआधी मागची चाकं जागीच फिरवून टायर तापवण्याबद्दल, थोडक्यात. साध्या टायरला खडी-धूळ झटकण्यापुरता क्षणभर फिरवणं पुरे. जास्त तापवलं तर रबर वरून चिकट-तेलकट होतं आणि घसरतं. वाटेत पाणी टाकलेलं असेल तर बाजूने जायचं, कारण ते नक्षीत शिरतं आणि थेट स्टार्ट लाइनपर्यंत येतं. सुटताना ब्रेक दाबून ठेवून इंजिन १५०० आरपीएमपर्यंतच चढवून धरतो. त्यापुढे मागचे ब्रेक हार मानतात. थ्रॉटल एका फटक्यात न देता साधारण एका सेकंदात पूर्ण उघडायचा. ६० फुटांतली निम्मी सुधारणा या पायाचीच आहे असं मी मानतो, आणि त्याला खर्च शून्य.

मोजमापासाठी ड्रॅगी वापरतो. जीपीएसवर चालणारी छोटी डबी, उतार जास्त असेल तर रन बाद ठरवते, हे मला फार आवडतं. त्यात पहिला फूट वगळण्याची, म्हणजे गाडी फूटभर सरकल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करण्याची, सोय आहे. अमेरिकन आकड्यांशी तुलना करताना ती चालू आहे का ते बघा, नाहीतर तुलना चुकते. तशीही ती तुलना जपूनच करावी. तिकडच्या ड्रॅग स्ट्रिपवर राळेसारखा चिकट लेप मारलेला असतो. आपण अँबी व्हॅलीसारख्या विमानांच्या धावपट्टीवर धावतो, तिथे कोरडं डांबर आणि वर बारीक धूळ. शिवाय सातारा काय किंवा लोणावळ्याकडचा डोंगर काय, समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर वर. टर्बो नसलेल्या इंजिनाची सहा-सात टक्के ताकद विरळ हवाच खाते. त्यामुळे १३.४ सेकंदांवर मी समाधानी आहे.

हे सगळं फक्त परवानगी घेतलेल्या, बंद धावपट्टीवर. हायवेवर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्याविना चालतात, तिथे असलं काही करू नका, हे कळकळीने सांगतो.

रोजच्या वापरात जाणवणारा मुख्य बदल हा: ताशी ६०-७० ला डिफरन्शिअलची बारीक गुणगुण आत येते. पहिल्या आठवड्यात बायकोने विचारलं, "अहो, मागून कसला आवाज येतोय?" आता ती विचारत नाही. खड्ड्यांत मागचा भाग थोडा कडक वाटतो, पण कंबर दुखावी इतका नाही. ज्यांच्या घरात हीच एक गाडी आहे त्यांनी डिफरन्शिअलचे इन्सर्ट सोडून द्यावेत आणि फक्त क्रेडलचा संच बसवावा. आवाज बराच कमी राहतो आणि धडधडीचा मोठा भाग तरीही जातो.

पुढचं काम मागच्या शॉक अॅब्सॉर्बरचं. सध्या सुटताना गाडीची मागची बाजू पटकन बसते आणि लगेच उसळते, त्या उसळीत टायर क्षणभर हलका होतो. अॅडजस्टेबल शॉक लावून ही उसळी धरता येते का ते यंदाच्या हिवाळ्यात बघणार आहे, आणि त्याचे आकडे हाती आले की याच्याच खाली जोडेन.