लिब्रेऑफिस कॅल्क : टीवाय बी.कॉम.च्या वर्गात नऊ महिने

जूनमध्ये लॅबमधल्या संगणकांवर कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखंच स्प्रेडशीट, टाकलं ते निव्वळ फुकट मिळतं म्हणून. एक्सेलची लायसन्सं मोजकीच होती आणि वर्ग साठ मुलांचा. मार्चपर्यंत अकाउंट्सची सगळी प्रॅक्टिकल्स यावरच घेतली.

आता कोणी एक्सेल फुकट दिलं तरी मला कॅल्क लागणारच, ते 'व्हॅल्यू हायलायटिंग'साठी. कंट्रोल धरून एफ-८ दाबा : मजकूर काळा, हाताने भरलेले आकडे निळे, सूत्रं हिरवी. ऑगस्टमध्ये बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे पासबुक आणि आपली वही यांचा ताळमेळ, करायला दिलं होतं. एका मुलीचा ताळा सगळ्यांच्या आधी जुळला. मागे उभं राहून तिला एफ-८ दाबायला लावलं. हिरव्यागार रकान्यात एकच आकडा निळा, १,८००.

"हे काय गं?"

"सर, तेवढाच फरक येत होता."

१,८०० ला नऊने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय आधी घ्यायचा. पासबुकाशी लावून बघितलं तर ५,३१० चा चेक तिने ३,५१० असा चढवलेला. त्या दिवसापासून वर्गात कोणी काही लपवलं की "निळं सापडलं" म्हणायची पद्धत पडली.

दुसरा फायदा मी धरलाच नव्हता. बँकेच्या साइटवरून उतरवलेल्या स्टेटमेंटमध्ये काही रकमा मजकूर म्हणून येतात. दिसतात आकड्यांसारख्या, पण बेरजेचं सूत्र त्यांना मुकाट्याने गाळतं. एफ-८ दाबलं की त्या काळ्या दिसतात.

व्हॅलिडिटीबद्दल, म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल याची अट घालण्याच्या सोयीबद्दल, मात्र माझा भ्रमनिरास झाला. जीएसटी क्रमांकाला बरोबर १५ अक्षरांची अट लावली. टाइप करताना चुकलं की लगेच अडवतं. पण पोरं टाइप करतात कुठे? आमच्या लॅबमधल्या आवृत्तीत दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला १४ अक्षरी क्रमांक बिनबोभाट आत गेला. एक्सेलही पेस्टला असंच फसतं. म्हणून शेजारच्या रकान्यात लांबी मोजणारं सूत्र आणि वर 'चुका : ०' असा एक सेल, हे सक्तीचं केलं.

शीट प्रोटेक्ट करताना पहिल्या दिवशी गोंधळ ठरलेला. सगळे सेल मुळातच लॉक असतात. भरायचे सेल आधी मोकळे करावे लागतात. ते न करता पासवर्ड टाकला की स्वतःच्याच शीटमध्ये अक्षर उमटत नाही, आणि तो पासवर्ड एकजण विसरलेला असतोच. हे कुलूप चुकून लागणाऱ्या बोटासाठी आहे, चोरासाठी नाही, हे मी दर तासाला सांगतो.

मराठी मेनू लावून बघितले. दोन आठवड्यांत मुलांनीच इंग्रजी परत मागितले. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला गेल्यावर तेच दिसणार, हे त्यांचं म्हणणं रास्त. मुलाखतीत विचारतात एक्सेलच. बाहेरचा डेटा आणून साफसूफ करणारी एक्सेलमधली पॉवर क्वेरी इथे नाही, त्यामुळे ते दोन तास स्टाफरूमच्या संगणकावर उरकले.

सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधाचं प्रकरण कॅल्कवरच करून दाखवलं. त्यांच्या एक्सेल शीटमधलं सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं, त्यामुळे पाच देश गळाले. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याच्या हातून ते उघड झालं. हे ऐकून मागचा बाकही ताठ बसला.

मार्चच्या प्रॅक्टिकलला सहा ठिकाणी बिघडवलेली शीट दिली. एकाला जास्तीत जास्त पाचच चुका सापडल्या. सहावी म्हणजे लपवलेली एक ओळ, जिची रक्कम बेरजेत होती. ती एफ-८ दाबूनही दिसत नाही.