किरणोपचार विभाग: उपचार चोख, वेळापत्रक ढिसाळ

वडिलांच्या स्वरयंत्राचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यातच लक्षात आल्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार सुचवले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याप्रमाणे ३३ सिटिंगमध्ये एकूण ६६ ग्रे मात्रा देण्यात आली. रुग्णालयाचे नाव देत नाही. अनुभव मात्र जसाच्या तसा लिहीत आहे.

तयारीचा दिवस त्यांनी उत्तम सांभाळला. गरम पाण्यात मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा चेहऱ्यावर आणि मानेवर ताणून बसवतात व तो काही मिनिटांत कडक झाला की जाळीदार मुखवटा तयार होतो; पुढे रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवून डोके हलू न देता किरण देतात. वडिलांना त्यात गुदमरल्यासारखे झाले, तेव्हा तंत्रज्ञांनी जराही घाई न करता, हात वर केला की यंत्र थांबेल, असे सांगून आधी तसे एकदा करूनही दाखवले. वडील ज्याला ‘लाईट घेणे’ म्हणत, ते दोन-तीन मिनिटांत आटोपे आणि त्या वेळी त्यांना काहीही जाणवत नसे.

एक गोष्ट मात्र आम्हाला स्वतःहून विचारावी लागली. आईने नातवाला आजोबांजवळ बसू देणे बंद केले होते. यंत्र बाहेरून किरण सोडते, ते बंद होताच किरण थांबतात आणि अंगात काही उरत नाही, हे तेथील भौतिकतज्ज्ञांनी छान समजावले. पण ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

खरी तक्रार वेळेची आहे. दहाची वेळ देऊन नंबर एकला लागणे नेहमीचेच. चौथ्या आठवड्यात यंत्र दोन दिवस बंद पडले, तेव्हा कोणीही फोन केला नाही आणि साठ किलोमीटरचा एसटीचा प्रवास फुकट गेला. उपचार लांबले तर उरलेल्या कर्करोगपेशींना वाढायला वाव मिळतो, म्हणून पुढच्या दोन शनिवारी सिटिंग देऊन त्यांनी तो खंड भरून काढला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना घसा दुखू लागला आणि आवाज आणखी बसला. तो आता, तीन महिन्यांनी, हळूहळू मोकळा होत आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी तंत्रज्ञांच्या खोलीचा फोन नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा, कारण तो फाइलवर छापलेला नसतो.