बग कोणाच्या दारी न्यावा : डिस्ट्रो की अपस्ट्रीम?

डेस्कटॉप लिनक्सवर बग (प्रोग्राममधली चूक) सापडल्यावर तो कसा लिहावा यापेक्षा कोठे लिहावा हा प्रश्न अधिक छळतो. नोम या डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरचेच उदाहरण घेतले, तर त्याचा कोड नोम प्रकल्पात लिहिला जातो, डेबियन या डिस्ट्रोमधला (म्हणजे लिनक्सच्या वितरणामधला) मेंटेनर, अर्थात पॅकेज सांभाळणारा, त्याचे पॅकेज बांधतो, उबंटू त्यावर स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) चढवते आणि उबंटूवर बेतलेली एखादी छोटी डिस्ट्रो ते सगळे उचलून आपल्या लॅपटॉपपर्यंत आणते. चूक यांपैकी कोणत्याही टप्प्यावर शिरलेली असू शकते, आणि भलत्याच टप्प्यावर केलेली तक्रार कित्येक महिने तशीच पडून राहते. म्हणून डिस्ट्रोकडे जावे की अपस्ट्रीमकडे, म्हणजे मूळ प्रकल्पाकडे, हे ठरवण्याआधी दोन्हीकडे काय मिळते आणि त्यासाठी काय द्यावे लागते हे शेजारी शेजारी ठेवून पाहणे बरे.

डिस्ट्रोचा मार्ग सुरुवातीला सोपा वाटतो, कारण माहिती गोळा करण्याचे बरेचसे काम तेथे यंत्रच करते. उबंटूवर 'उबंटू-बग' या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव दिले की अ‍ॅपोर्ट हा प्रोग्राम आवृत्ती, कर्नल (लिनक्सचा गाभा), हार्डवेअरची यादी आणि संबंधित लॉग (घडामोडींच्या नोंदी) स्वतःच जोडतो आणि ब्राउझरमध्ये लाँचपॅडचे, म्हणजे उबंटूचे बग नोंदवण्याच्या संकेतस्थळाचे, पान उघडून देतो. आपण खाते काढायचे आणि काय घडले ते लिहायचे. डेबियनमध्ये 'रिपोर्टबग' साधारण हेच करते, पण तेथे खाते हा प्रकारच नाही. सगळा व्यवहार ई-मेलवर चालतो आणि आपला पत्ता बगच्या पानावर सर्वांना दिसेल असा राहतो, हे आधी माहीत असलेले चांगले. रिपोर्टबग बगची तीव्रताही विचारते, आणि नवखा माणूस येथे हमखास वरची पायरी निवडतो. 'क्रिटिकल', 'ग्रेव्ह' आणि 'सीरियस' या तीन श्रेणींतले बग डेबियनची पुढची आवृत्ती अडवू शकतात, त्यामुळे आपल्या एकट्याच्या मशीनवर ब्लूटूथ जोडले जात नाही म्हणून 'ग्रेव्ह' निवडणे म्हणजे सर्दी झाली म्हणून रुग्णवाहिका बोलावण्यासारखे आहे.

या मार्गाच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. लाँचपॅडवर कोणी अधिक माहिती मागून बगला 'इन्कम्प्लीट' ठरवले आणि आपण उत्तर दिले नाही, तर उबंटूच्या बाबतीत अशी नोंद ६० दिवसांनी आपोआप कालबाह्य होते. फेडोराची एक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते, आणि ती मुदत संपली की त्या आवृत्तीवर नोंदवलेले उघडे बग एका सूचनेनंतर सरसकट बंद केले जातात. बग जिवंत असतो, तक्रार मात्र संपलेली असते. हे अन्यायाचे वाटले तरी हजारो पॅकेजे मोजक्या माणसांनी सांभाळायची म्हटल्यावर दुसरा उपायही दिसत नाही.

तरीही एका बाबतीत डिस्ट्रोला पर्याय नाही. आपण आज जी आवृत्ती वापरतो आहोत, तिच्यात दुरुस्ती घालण्याचा अधिकार फक्त डिस्ट्रोच्या मेंटेनरकडे असतो. डेबियन स्टेबल किंवा उबंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती वापरणाऱ्याला बहुतेक पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, मिळतात त्या निवडक दुरुस्त्या. आणि उबंटूत अशी दुरुस्ती सर्वांना देण्यापूर्वी 'प्रपोज्ड' या विभागात किमान सात दिवस तपासली जाते. कचेरीतली दहा यंत्रे एलटीएसवर चालवणाऱ्या माणसाला अपस्ट्रीमने बग सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीत दुरुस्त केला, या बातमीचा काय उपयोग?

अपस्ट्रीमकडे गेल्यास तक्रार थेट कोड लिहिणाऱ्याच्या हातात पडते आणि झालेली दुरुस्ती पुढे सगळ्याच डिस्ट्रोंपर्यंत झिरपते. नोमचे बग २०१८ पासून त्यांच्या गिटलॅबवर जातात, केडीई हा दुसरा डेस्कटॉप प्रकल्प अजून बगझिला ही बगनोंदणीची प्रणाली वापरतो, तर मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचे आणि एएमडी व इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचे बग फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नोंदवले जातात. तेथे पहिला प्रश्न आवृत्तीचा असतो. आपली आवृत्ती जुनी असेल, तर नवीवर तपासून पाहा असे एका ओळीचे उत्तर येते, आणि ते उद्धटपणाचे नसते. यावरून उघड खटकेही उडालेले आहेत. एक्सस्क्रीनसेव्हर ठरावीक काळानंतर 'ही आवृत्ती फार जुनी आहे' अशी सूचना दाखवी. डेबियन स्टेबलमध्ये तीच जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे राहत असल्याने लोक लेखक जेमी झविन्स्की यांच्याकडे तक्रारी नेत, आणि २०१६ मध्ये त्यांनी ती सूचना काढण्यापेक्षा पॅकेजच काढून टाका अशी भूमिका घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामच्या विकासकांनी फेडोराने स्वतः बांधलेल्या त्याच्या फ्लॅटपॅकबद्दल (कोणत्याही डिस्ट्रोवर चालू शकणाऱ्या पॅकेजबद्दल) जाहीर नाराजी व्यक्त केली, कारण त्या पॅकेजमधल्या बिघाडांचे गाऱ्हाणे त्यांच्याकडे येत होते. यातून घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की तक्रार करण्यापूर्वी आपल्या प्रोग्रामचे पॅकेज कोणी बांधले आहे हे पाहावे. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकांच्या भांडारातून घेतलेल्या अ‍ॅपबद्दल उबंटूकडे किंवा डेबियनकडे तक्रार करण्यात काहीच अर्थ नाही.

अपस्ट्रीमची मागणीही जास्त असते. प्रोग्राम कोसळला तर 'कोअरडंपसीटीएल' या आज्ञेने त्याची नोंद सापडते, पण डीबग चिन्हे नसतील तर बॅकट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) नावांऐवजी ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हेच दिसतात, आणि असा बॅकट्रेस कोणाच्याही कामाचा नसतो. पूर्वी ही चिन्हे पॅकेज शोधून बसवावी लागत. आता फेडोरा, डेबियन आणि उबंटू यांचे डीबगइन्फोडी सर्व्हर आहेत, आणि जीडीबी हा डीबगर ती तेथून स्वतः उतरवून घेतो. जमत असेल तर हे अवश्य करावे. चांगल्या बॅकट्रेसच्या वीस ओळी दोन पानी वर्णनापेक्षा अधिक बोलतात.

कर्नलचे प्रकरण वेगळे आहे आणि सर्वांत कष्टाचेही. त्याचा बगझिला असला तरी अनेक उपविभागांचे मेंटेनर मेलिंग लिस्टच वाचतात, आणि कोणाला लिहायचे ते कर्नलच्या कोडमधल्या 'मेंटेनर्स' या फाइलीत शोधावे लागते. शिवाय त्यांना डिस्ट्रोचा नव्हे, तर मूळ आणि ताजा कर्नल लागतो, आणि तोही 'टेंटेड' (डागाळलेला) नसलेला; एनव्हिडियाचा बंदिस्त मॉड्यूल चढवलेला असेल तर तो काढून बग पुन्हा घडवून दाखवावा लागतो. मात्र आधी चालणारी गोष्ट अपडेटनंतर बंद पडली, तर तिला रिग्रेशन म्हणतात, आणि रिग्रेशन खपवून घ्यायचे नाही हा कर्नलचा जुना दंडक असल्यामुळे अशा तक्रारीकडे लवकर लक्ष जाते.

माझ्याकडे एकदा कर्नल अपडेटनंतर एचडीएमआयवरचा मॉनिटर काळाच राहू लागला. ग्रब या बूट मेनूच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडला तेव्हा मॉनिटर लागला, म्हणजे केबल आणि मॉनिटर निर्दोष ठरले. मग उबंटूच्या मेनलाइन, म्हणजे अपस्ट्रीमच्या मूळ कर्नलांच्या, संग्रहातला ताजा कर्नल बसवला (त्यावर उबंटूची सही नसते, म्हणून सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे लागते) आणि मॉनिटर पुन्हा लागला. अपस्ट्रीमने चूक आधीच दुरुस्त केली होती, ती आमच्या डिस्ट्रोच्या कर्नलात पोहोचली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. सबब तक्रार लाँचपॅडवर, आणि तिच्यात बिघडलेली, आधीची आणि दुरुस्त झालेली अशा तिन्ही आवृत्त्यांचे क्रमांक. ताज्या कर्नलवरही मॉनिटर काळाच राहिला असता, तर तीच तक्रार अपस्ट्रीमकडे गेली असती आणि बहुधा तेथून गिट बायसेक्ट करण्याची, म्हणजे बिघाड आणणारा बदल निम्मे-निम्मे करत शोधण्याची, विनंती आली असती. दोन लगतच्या आवृत्त्यांमध्ये बारा-पंधरा हजार कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) असतात, दर फेरीत ते निम्मे होतात, म्हणजे साधारण चौदा वेळा कर्नल बांधून मशीन सुरू करायचे. जुन्या लॅपटॉपवर या कामात शनिवार-रविवार जातो. पण ज्या कमिटने बिघाड झाला त्याचे नाव हाती असले, की अर्धी लढाई जिंकलेली असते.

ताज्या आवृत्तीवर तपासण्याची ही एक पायरी माझ्या मते बाकीच्या सर्व सल्ल्यांहून मोलाची आहे. प्रोग्राम किंवा डेस्कटॉपच्या बाबतीत ती आणखी सोपी पडते: फेडोराच्या ताज्या आवृत्तीची लाइव्ह यूएसबी करावी, काहीही इन्स्टॉल न करता त्यावर बग घडतो का ते पाहावे. दोन वेगळ्या डिस्ट्रोंवर घडला तर अपस्ट्रीम. फक्त आपल्याच डिस्ट्रोवर घडला तर डिस्ट्रो. दोन्हीकडे नोंद करायची झाल्यास पहिलीचा दुवा दुसरीत द्यावा, नाहीतर दोन माणसे एकच काम करत बसतात.

बिघाड हार्डवेअरचा असेल, तर मात्र ही दोन्ही दारे व्यर्थ ठरतात. याचा धडा मला लाज वाटेल अशा रीतीने मिळाला. एक डेस्कटॉप अधूनमधून गोठत असे. मी ग्राफिक्स ड्रायव्हरवर ठपका ठेवून सविस्तर तक्रार लिहिली, एका भल्या माणसाने तीन आठवडे माझे लॉग वाचले, आणि अखेरीस रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस चालवल्यावर चाळीस मिनिटांनी पडद्यावर लाल ओळी उमटल्या. रॅमची एक पट्टी खराब होती. लॉग नीट वाचले असते तर खूण तेथेच होती: दर वेळी वेगळाच प्रोग्राम सेगफॉल्ट होऊन कोसळत होता. तोच प्रोग्राम त्याच जागी कोसळत असेल तर संशय सॉफ्टवेअरवर. कोसळणारा रोज बदलत असेल तर आधी रॅम तपासावी. डिस्क सतावत असेल तर डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या यादीत सीआरसी त्रुटींचा (डेटा पोहोचवताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढतो आहे का ते पाहावे. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. मशीन गोठल्यावर लॉग गेला असे समजू नये. जर्नल (यंत्रणेचा लॉग) डिस्कवर साठत असेल, तर जर्नलसीटीएल मागच्या बूटची नोंदही दाखवते.

बायोसच्या चुकांबाबत लॅपटॉप बनवणाऱ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. एका सेवा केंद्राने मला आधी विंडोज बसवून आणा असे सांगितले होते. अशा वेळी फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे आणि तरीही दोष राहिला तर कर्नलकडे जावे, कारण काही मॉडेलांच्या अशा चुकांवरचे तोडगे कर्नलात मॉडेलच्या नावानिशी घातलेले असतात. ते नाव डीएमआयडीकोड ही आज्ञा अचूक देते, पण त्यासोबत अनुक्रमांकही छापते. तक्रारीला जोडण्यापूर्वी तो खोडावा.

मराठी वाचकाला हमखास भेटणारा एक बग येथे सांगण्याजोगा आहे. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाची दिसतात तेव्हा आपण डिस्ट्रोला किंवा फाँटला दोष देतो. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामने सांगितले, तरच मराठी वळण निवडले जाते. म्हणून तोच फाँट आणि तोच मजकूर लिब्रेऑफिसमध्ये घ्यावा, परिच्छेदाची भाषा मराठी करावी आणि अक्षर बदलते का ते पाहावे. बदलले तर फाँट निर्दोष, आणि तक्रार त्या पहिल्या प्रोग्रामकडे. बदलले नाही तर ती फाँटच्या प्रकल्पाकडे न्यावी, दोन्ही वळणांची चित्रे शेजारी शेजारी जोडून. कारण ती वाचणाऱ्याला बहुधा देवनागरी येत नसते आणि ल कसा दिसायला हवा हे त्याला दाखवावे लागते.